भाड्याच्या घरातील गुंतवणूक: पहिल्या हिशेबापासून थकलेल्या भाड्यापर्यंत

भाड्याने देण्यासाठी घर घेणारा माणूस एकाच व्यवहारात दोन गोष्टी घेत असतो. एक वास्तू, जिची वर्षागणिक झीज होते, आणि एक लहानसा व्यवसाय, ज्यात ग्राहक एकच असला तरी त्याचे रोजचे राहणे मालकाच्या निर्णयांवर अवलंबून असते. बहुतेक नवे गुंतवणूकदार वास्तूचा विचार बारकाईने करतात. परिसर, मजला, उजेड, किंमत वाढण्याची शक्यता हे सगळे पाहतात. व्यवसायाचा विचार मात्र किल्ली हातात आल्यावर सुरू होतो. पुढे येणाऱ्या अडचणींचा माग काढला, तर त्या जवळपास नेहमी आधीच्या टप्प्यावर राहून गेलेल्या एखाद्या कामापाशी जाऊन थांबतात. थकलेल्या भाड्याचे मूळ भाडेकरूच्या निवडीत सापडते, अनामत रकमेच्या वादाचे मूळ ताबा देताना न केलेल्या नोंदीत, आणि न पेलणाऱ्या हप्त्याचे मूळ खरेदीपूर्वीच्या हिशेबात. म्हणून या लेखात टप्पे क्रमाने घेतले आहेत आणि अडचणींचा विचार करताना त्या त्या टप्प्याकडे पुन्हा वळलो आहे. कायदे आणि कर देशागणिक, कित्येकदा शहरागणिक बदलतात. त्यामुळे करार, नोटीस, अनामत आणि भाडेवाढ या चार बाबतींत स्थानिक वकिलाचा सल्ला घर घेण्याआधीच घ्यावा. नंतर घेतलेल्या सल्ल्याने नुकसान मोजता येते, टाळता येत नाही.

आधी हिशेब, मग घर

जाहिरात पाहताच मनात येणारा पहिला आकडा म्हणजे वर्षाचे भाडे भागिले घराची किंमत. हा झाला ढोबळ परतावा. दहा घरांतून पुढे पाहण्याजोगी तीन वेगळी काढण्यापुरता त्याचा उपयोग आहे. महिन्याचे भाडे किमतीच्या १ टक्का असावे असा एक ठोकताळाही प्रचलित आहे. महागड्या शहरांतील फार थोडी घरे त्या कसोटीला उतरतात आणि उतरणारे प्रत्येक घर चांगले असतेच असे नाही, कारण ज्या भागात भाडे वेळेवर मिळण्याची शाश्वती कमी तिथे किंमतही पडलेली असते. निर्णय घ्यायचा तो निव्वळ परताव्यावर.

तो कसा काढायचा ते एका उदाहरणाने पाहू. चलनाचा प्रश्न बाजूला ठेवण्यासाठी घराची किंमत १०० एकके धरू. नोंदणी, सरकारी शुल्क, दलाली, वकिलाची फी आणि सुरुवातीची दुरुस्ती यांना ७ एकके लागली, म्हणजे प्रत्यक्ष गुंतवणूक १०७. महिन्याचे भाडे अर्धे एकक, वर्षाचे ६. ढोबळ परतावा ६ टक्के. आता वर्षातून सरासरी एक महिना घर रिकामे राहील असे धरले की उरतात ५.५. मालमत्ता कर, विमा, इमारतीचा देखभाल खर्च, घरातील दुरुस्त्या आणि व्यवस्थापन मिळून १.५ गेले की हाती राहतात ४. या ४ ला १०७ ने भागले की निव्वळ परतावा येतो सुमारे ३.७ टक्के, आणि तोही उत्पन्नावरचा कर भरण्यापूर्वीचा. सहा टक्क्यांचे घर प्रत्यक्षात पावणेचार टक्क्यांचे निघते, आणि यात दुर्दैवाचा एकही प्रसंग धरलेला नाही.

या हिशेबातील सर्वांत जास्त चुकणारा आकडा दुरुस्तीचा असतो. नवे मालक गळका नळ आणि बिघडलेले कुलूप मोजतात. दहा-पंधरा वर्षांतून एकदा येणारा मोठा खर्च मोजत नाहीत. त्यासाठी एक साधा तक्ता करावा. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग, पाण्याचा पंप, गीझर, स्वयंपाकघरातील कपाटे, विजेचे वायरिंग अशी प्रत्येक मोठी बाब एका ओळीत लिहावी. ती बदलण्याचा आजचा खर्च आणि तिचे उरलेले आयुष्य अंदाजाने मांडावे. आणि पहिल्याला दुसऱ्याने भागावे. एखाद्या कामाला ०.६ एकके लागणार असतील आणि ते सहा वर्षांनी करावे लागणार असेल, तर त्याचे वर्षाचे ओझे ०.१ एकक. सर्व ओळींची बेरीज ही दरवर्षी वेगळ्या खात्यात बाजूला ठेवण्याची रक्कम. जुन्या घराची किंमत कमी का दिसते, याचे उत्तर बऱ्याचदा या बेरजेत मिळते.

कर्ज किती घ्यावे

कर्जाने परतावा वाढतो, हे विधान अर्धेच खरे आहे. घराचा निव्वळ परतावा कर्जाच्या व्याजदरापेक्षा जास्त असेल तर कर्ज परतावा वाढवते. कमी असेल तर उधार घेतलेले प्रत्येक एकक उत्पन्नातून काही तरी कापून नेते. वरच्याच घरासाठी ७० एकके कर्ज ८ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर वर्षाचे हप्ते होतात सुमारे ७.०३ एकके. उत्पन्न ४. म्हणजे दरवर्षी ३ एककांहून थोडे अधिक पैसे मालकाने पगारातून किंवा बचतीतून घालायचे. पहिल्या वर्षाच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा सुमारे ५.५५ आणि मुद्दलाचा १.४८ असतो, त्यामुळे ‘हप्ता म्हणजे बचतच’ हे समाधानही सुरुवातीची वर्षे फारसे खरे ठरत नाही. अशी खरेदी करू नये असे माझे म्हणणे नाही. मात्र ती करणाऱ्याने स्वतःशी स्पष्ट असावे की त्याचा भरवसा भाड्यावर नसून किंमत वाढण्यावर आहे, आणि ती वाढ होईपर्यंतची तूट भरण्याची ताकद त्याच्याकडे आहे.

भाड्यावर उभे राहणारे कर्ज किती, हे उलट्या दिशेने काढता येते. निव्वळ उत्पन्न हप्त्यांच्या सव्वापट असावे, ही बऱ्यापैकी सुरक्षित मर्यादा आहे. ४ ला १.२५ ने भागले की ३.२, म्हणजे वर्षाला ३.२ एककांचे हप्ते हे घर पेलू शकते, आणि त्याच दराने व मुदतीने त्यात सुमारे ३२ एककांचे कर्ज बसते. व्याजदर बदलता असेल तर आणखी एक चाचणी घ्यावी. दर ८ वरून ९ टक्के झाला तर २० वर्षांच्या कर्जाचा हप्ता सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढतो. ३२ च्या कर्जाला हा फटका सोसतो, कारण वाढलेले हप्ते ३.४६ च्या आसपास, उत्पन्नाच्या आतच राहतात; ७० च्या कर्जात तो आधीच्या तुटीत भर घालतो.

या शिवाय सहा महिन्यांचे हप्ते आणि घराचे चालू खर्च भागतील एवढा राखीव निधी खरेदीच्या दिवशीच हाताशी असावा. तो भाड्यातून हळूहळू जमवू, असा बेत करू नये. २०२० मध्ये महासाथीच्या काळात अनेक देशांनी थकबाकीदार भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावर तात्पुरती बंदी घातली. भाडेकरूंच्या दृष्टीने ती आवश्यक होती, पण ज्या छोट्या मालकांकडे काही महिन्यांची शिल्लक नव्हती त्यांची भाड्याविना हप्ते भरताना कोंडी झाली.

घर आणि कागद तपासणे

स्वतः राहण्यासाठी घर पाहणारा आवडनिवड पाहतो. भाड्यासाठी पाहणाऱ्याने टिकाऊपणा आणि दुरुस्तीची सोय पाहावी. पाण्याचे नळ भिंतीत कुठून जातात, बंद करण्याच्या तोट्या कुठे आहेत, नहाणीघर कोणाच्या खोलीवर येते, या प्रश्नांची उत्तरे सुंदर फरशीपेक्षा अधिक मोलाची आहेत. विजेच्या बाबतीत अर्थिंग आहे का आणि ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारा स्विच बसवलेला आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. त्या स्विचवरचे चाचणीचे बटण दाबताच वीज गेली पाहिजे. हा खर्च परताव्याच्या कोष्टकात मोजू नये, कारण त्या घरात राहणाऱ्या माणसांच्या जिवाचा तो प्रश्न आहे. गॅसवर चालणारे गीझर बंदिस्त नहाणीघरात असेल तर ते तिथून हलवावे. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसपासून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो.

कागदपत्रांत मालकीची सलग साखळी, घरावरचा बोजा, थकलेले कर व देयके, बांधकामाची व वापराची परवानगी, आणि इमारतीच्या नियमांत घर भाड्याने देण्यावर काही बंधन आहे का, एवढे पाहावेच लागते. घरात आधीच भाडेकरू राहत असेल तर आणखी एक काम वाढते. अनेक देशांच्या कायद्यांत घर विकल्याने भाडेकरार तुटत नाही. नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो, त्याच्या हक्कांसह आणि त्याच्या देण्यांसह. म्हणून व्यवहार पूर्ण होण्याआधी भाडेकरूकडून एक सहीनिशी निवेदन घ्यावे, ज्यात चालू भाडे, भरलेली अनामत, कराराची मुदत, आगाऊ दिलेली रक्कम आणि मालकाने तोंडी दिलेली आश्वासने नमूद असतील. विक्रेत्याने सांगितलेले भाडे आणि भाडेकरूने लिहिलेले भाडे यांत फरक निघाला तर तो त्याच वेळी कळलेला बरा. अनामत रक्कम विक्रेत्याकडून वळती करून घ्यायला विसरू नये, कारण घर सोडताना भाडेकरू ती नव्या मालकाकडेच मागणार आहे.

भाडे किती ठेवावे

शेजारच्या घरांची जाहिरातीतली भाडी मागणीची असतात. ठरलेली भाडी त्याहून वेगळी असतात. जी जाहिरात आठवडेच्या आठवडे दिसत राहते तिच्यातील आकडा बाजाराने नाकारलेला आहे, एवढीच माहिती ती देते. परिसरातील दोन-तीन दलालांना गेल्या काही महिन्यांत कोणती घरे कितीला गेली हे विचारावे आणि त्या पट्ट्याच्या मध्याच्या जवळ राहावे.

भाडेवाढीच्या वेळी एक गणित डोळ्यांसमोर ठेवावे. भाडे ५ टक्क्यांनी वाढवले तर वर्षभरात जास्तीचे मिळते ते एका महिन्याच्या भाड्याच्या ६० टक्के. त्या वाढीमुळे चांगला भाडेकरू निघून गेला आणि घर एक महिना रिकामे राहिले, तर तो महिना भरून काढायला वाढीव भाड्याचे २० महिने लागतात. दलाली आणि रंगकाम त्यात धरलेले नाही. म्हणून वेळेवर भाडे देणाऱ्या आणि घर नीट ठेवणाऱ्या माणसासाठी बाजारभावापेक्षा थोडे कमी भाडे पत्करणे हा शुद्ध व्यवहार आहे. मात्र वर्षानुवर्षे काहीच न वाढवता एकदम मोठी वाढ मागणेही चुकीचे. लहान, आधी कळवलेली आणि करारात लिहिलेली वाढ दोन्ही बाजूंना झेपते.

कायदा भाड्यावर मर्यादा घालू शकतो, हा धोकाही जमेस धरावा. बर्लिनमध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये भाडी गोठवणारा कायदा लागू झाला आणि एप्रिल २०२१ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला. मधल्या काळात काही मालकांनी, हा कायदा टिकला नाही तर लागू होणारे भाडे किती, हे करारातच लिहून ठेवले होते. निकालानंतर फरकाची मागणी करताना त्यांची बाजू स्पष्ट राहिली, आणि ज्या भाडेकरूंनी फरकाची रक्कम बाजूला ठेवली नव्हती त्यांच्यावर मात्र ओझे आले.

भाडेकरूची निवड

संपूर्ण व्यवसायात मालकाच्या हातात असलेला सर्वांत मोठा निर्णय हाच, आणि तो घाईत घेतला जातो, कारण रिकाम्या घराचा प्रत्येक दिवस बोचत असतो. त्यावर उपाय म्हणजे निकष आधीच कागदावर लिहून ठेवणे. उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून अधिक भाडे जात असेल तर एखाद्या आजारपणानेही भाडे चुकू शकते, म्हणून उत्पन्न भाड्याच्या तिप्पट असावे हा निकष बहुतेक ठिकाणी उपयोगी ठरतो. उत्पन्नाचा पुरावा, ओळखीची कागदपत्रे आणि पूर्वीच्या घरमालकाशी बोलणे या तीन गोष्टी प्रत्येकाच्या बाबतीत कराव्यात. सध्याच्या मालकापेक्षा त्याच्या आधीच्या मालकाचे मत अधिक विश्वासार्ह, कारण सध्याच्या मालकाला त्रासदायक भाडेकरू लवकर जावा अशी इच्छा असू शकते. त्याला विचारायचे प्रश्न ठरलेले असावेत: भाडे वेळेवर येत होते का, घर कोणत्या स्थितीत परत मिळाले, आणि हा माणूस पुन्हा आला तर घर द्याल का. शेवटच्या प्रश्नावर समोरचा क्षणभर थांबला, तर त्या थांबण्याचे कारण विचारावे.

निकष सर्वांना सारखे लावणे हा न्यायाचा भाग आहे आणि पुष्कळ देशांत कायद्याचाही. धर्म, जात, वंश, लग्न झालेले आहे की नाही, या आधारावर नकार देणारा मालक चांगले भाडेकरू गमावतो, माणसांना विनाकारण अपमानित करतो आणि कित्येक ठिकाणी दंडासही पात्र ठरतो. मिळालेली वैयक्तिक कागदपत्रे कामापुरती ठेवावीत आणि नाकारलेल्या अर्जदारांची नष्ट करावीत.

करार आणि ताबा

छापील नमुन्यावर नावे घालून केलेला करार वाद नसताना पुरेसा असतो, आणि वाद नसताना कराराची गरजच पडत नाही. चांगल्या करारात भाड्याची तारीख, उशिराची सवलत आणि त्यानंतरचे शुल्क, राहणाऱ्यांची नावे, पोटभाडेकरू ठेवण्याविषयीचा नियम, दोन्ही बाजूंची नोटिशीची मुदत, मुदतीपूर्वी घर सोडल्यास होणारा हिशेब आणि मालकाने घरात येण्यापूर्वी किती वेळ आधी कळवायचे हे स्पष्ट असते. २४ तासांची पूर्वसूचना बऱ्याच ठिकाणी रूढ आहे. दुरुस्तीची विभागणी विशेष काळजीने लिहावी. ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी’ या वाक्याने भांडण लागते. किती रकमेपर्यंतचे काम किरकोळ, आणि झिजून बिघडले की हाताळणीने बिघडले हे कसे ठरवायचे, हे लिहिल्याने ते टळते. कराराची नोंदणी बंधनकारक असेल तिथे ती करावीच, कारण नोंदणी नसलेला करार न्यायालयात दुबळा ठरतो आणि त्या वेळी तो सुधारता येत नाही.

ताबा देण्याच्या दिवशी भाडेकरूला बरोबर घेऊन खोलीगणिक फिरावे. भिंती, फरशी, खिडक्यांच्या कड्या, नळ, पंखे, कपाटांच्या बिजागऱ्या यांची स्थिती लिहावी, तारखेसह छायाचित्रे काढावीत, वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे टिपावेत, किल्ल्या मोजून द्याव्यात आणि त्या कागदावर दोघांनी सह्या कराव्यात. या कामाला तासभर लागतो. आधीपासून असलेला प्रत्येक ओरखडा लिहून घेण्याचा आग्रह मालकानेच धरावा. त्यामुळे भाडेकरूचाही विश्वास बसतो. पाणी आणि वीज कुठून बंद करायची हे त्याच वेळी प्रत्यक्ष दाखवावे.

घर रिकामेच राहते तेव्हा

अडचण नेमकी कोणत्या पायरीवर आहे ते आधी शोधावे, नाही तर मालक प्रत्येक वेळी भाडे कमी करत बसतो. चौकशीच येत नसेल तर भाडे जास्त आहे किंवा जाहिरात योग्य लोकांपर्यंत पोहोचत नाही. चौकशी येते पण पाहायला कोणी येत नाही, अशा वेळी छायाचित्रे किंवा माहिती अपुरी असते. क्षेत्रफळ, मजला, पार्किंग, अटी हे सगळे आधीच स्पष्ट सांगावे. लोक येऊन पाहतात आणि नाकारतात, तेव्हा दोष घरात आहे, आणि नकार देणाऱ्यांना कारण विचारले तर बहुतेक जण खरे सांगतात: ओलसर वास, अंधारे स्वयंपाकघर, वरच्या मजल्याचा आवाज. लोक घर घेतात पण वर्षाच्या आत सोडतात, अशा वेळी दोष घरापेक्षा मालकाच्या वागण्यात किंवा न झालेल्या दुरुस्त्यांत शोधावा.

ओल आणि गळती

दुरुस्तीच्या तक्रारींपैकी ओलीची तक्रार सर्वांत महाग पडते, कारण तिच्यावर रंगाचा हात मारला जातो आणि काही महिन्यांनी ती अधिक पसरून परत येते. रंग लावण्यापूर्वी पाणी कुठून येते हे शोधलेच पाहिजे. पहिला सुगावा वेळेचा. डाग फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीच्या कडा किंवा गच्ची तपासावी. बारा महिने सारखाच ओला असेल तर पाण्याच्या दाबाची नळवाट फुटलेली असण्याची शक्यता जास्त. वरच्या घरात आंघोळी झाल्यावर ओल वाढत असेल तर सांडपाण्याची वाट किंवा फरशीचे सांधे गळत असावेत. आणि जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत पोपडे व पांढरे क्षार दिसत असतील तर ओल पायातून चढत आहे.

यानंतर चाचण्या. घरातील सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपावा आणि दोन तासांनी पुन्हा पाहावा; आकडा सरकला असेल तर नळवाटेत किंवा शौचालयाच्या टाकीत गळती आहे. टाकीत थोडा खाद्यरंग टाकून पाणी न सोडता वाट पाहिली आणि भांड्यात रंग उतरला, तर दोष टाकीच्या झडपेचा. नहाणीघराच्या फरशीचा संशय असेल तर जाळीचे तोंड बंद करून २४ तास पाणी साठवावे आणि खालचे छत पाहावे. भिंतीतून पाणी येते की खोलीतील दमट हवा थंड भिंतीवर साचते, हे ओळखायला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडा चिकटवून एक-दोन दिवस भिंतीवर ठेवावा. थेंब खोलीच्या बाजूला साचले तर हवा खेळती करणे हा उपाय. भिंतीच्या बाजूला साचले तर पाणी आतून येत आहे आणि भिंतीवर कितीही पैसे खर्च केले तरी उगम बंद झाल्याशिवाय उपयोग नाही.

अचानक पाणी साचले असेल तर ओल्या वस्तू आणि पृष्ठभाग २४ ते ४८ तासांत सुकवावेत. तेवढ्यात सुकले तर बुरशी बहुधा धरत नाही. भाडेकरूने ओलीची तक्रार केली की त्याच दिवशी उत्तर द्यावे, माणूस पाठवण्याची तारीख कळवावी आणि सगळे लेखी ठेवावे. ओलसर घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण राहत असेल तर उशीर त्याच्या प्रकृतीला बाधतो, आणि याची जाणीव मालकाला असली पाहिजे.

भाडे थकते तेव्हा

पहिल्याच चुकलेल्या तारखेला काय करायचे हे ठरलेले असावे. दुसऱ्या दिवशी साधी, सौम्य आठवण. तीन-चार दिवसांत फोन. आठवड्यानंतर थकलेली रक्कम आणि कराराचे कलम नमूद करणारे लेखी पत्र. फोनवर एकच गोष्ट समजून घ्यायची असते: या माणसाला देता येत नाही की द्यायचे नाही. नोकरी गेलेला किंवा घरात आजारपण आलेला माणूस बहुधा आपण होऊन बोलतो. त्याच्याशी हप्त्यांत परतफेडीचा लेखी करार करावा, त्यात तारखा असाव्यात आणि पहिला हप्ता लगेचचा असावा. टाळाटाळ करणारा फोन उचलत नाही, कारणे बदलतो. त्याच्या बाबतीत तोंडी आश्वासनांवर महिने घालवू नयेत आणि दुसऱ्या चुकलेल्या महिन्याआधी वकिलामार्फत कायदेशीर नोटीस जावी. काही कायद्यांत नोटिशीनंतर अर्धवट भाडे स्वीकारल्यास नोटीस निष्प्रभ होऊ शकते, म्हणून पैसे घेण्यापूर्वीही वकिलाला विचारावे.

कितीही राग आला तरी वीज-पाणी तोडणे, कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे, धमकावणे यांतले काहीही करू नये. बहुतेक देशांत ते बेकायदा आहे, आणि ज्याची बाजू न्यायालयात मजबूत होती तो मालक त्यामुळे स्वतःच आरोपी होतो. त्याऐवजी तडजोडीचा हिशेब मांडावा. वरच्या उदाहरणात दावा चालताना सहा महिन्यांचे भाडे बुडाले तर ३ एकके गेली, म्हणजे वर्षाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाऊण हिस्सा, शिवाय वकिलाची फी. ठरलेल्या तारखेला घर स्वच्छ रिकामे करून दिल्यास एक-दोन महिन्यांची थकबाकी सोडून देणे किंवा हलण्याचा खर्च देणे मनाला पटत नाही, पण पुष्कळदा स्वस्त पडते. असा समझोता लेखी करावा आणि पैसे किल्ली हातात आल्यावर द्यावेत.

घर परत घेताना

ताब्याच्या वेळची नोंद हातात घेऊन पुन्हा त्याच क्रमाने फिरावे. साधी झीज मालकाची, हाताळणीने झालेले नुकसान भाडेकरूचे. नुकसानीची भरपाईही उरलेल्या आयुष्याच्या प्रमाणातच मागावी: रंग पाच वर्षे टिकतो असे धरले आणि भाडेकरू तीन वर्षे राहिला, तर खराब केलेल्या भिंतीसाठी रंगाच्या खर्चाचा २/५ भाग कापणे रास्त, पूर्ण खर्च कापणे अन्याय्य. कपातीची यादी पावत्यांसह द्यावी आणि उरलेली अनामत ठरलेल्या मुदतीत परत करावी. त्यासाठी ती रक्कम सुरुवातीपासून वेगळ्या खात्यात असली पाहिजे. अनामत हे मालकाचे उत्पन्न नव्हे.

पुढची वर्षे

घरासाठी स्वतंत्र बँक खाते, प्रत्येक पावतीचे छायाचित्र आणि महिन्याला अर्धा तास एवढ्यावर हिशेब नीट राहतो. दूर राहणाऱ्याने व्यवस्थापक नेमावा, परंतु किती रकमेपर्यंतची दुरुस्ती तो न विचारता करू शकतो आणि कारागिरांच्या मूळ पावत्या मिळतील का, हे आधी ठरवावे. ज्याला या दोन्हींपैकी काहीच नको आहे त्याला स्थावर मालमत्तेत पैसे गुंतवण्यासाठी घर घेण्याची सक्ती नाही. अमेरिकेत १९६० च्या कायद्याने सुरू झालेले रीट, म्हणजे अनेकांच्या पैशातून मालमत्ता घेऊन तिचे उत्पन्न वाटणारे न्यास, आता अनेक देशांत आहेत आणि त्यांचे युनिट शेअरबाजारात घेता-विकता येतात. तिथे निर्णयाचा अधिकार राहत नाही आणि बाजारभावाची चढउतार सोसावी लागते.

वर्षातून एकदा निव्वळ परतावा पुन्हा काढावा, आणि तो खरेदीच्या किमतीवर न काढता आजच्या किमतीवर काढावा. १०० चे घर १६० चे झाले आणि निव्वळ उत्पन्न ४ वरून ४.६ झाले, तर आज त्या पैशावर २.९ टक्केच मिळत आहेत. विक्रीचा खर्च आणि कर वजा जाता उरणारी रक्कम दुसरीकडे तितक्याच जोखमीत जास्त देत असेल, तर घर विकण्याचा विचार करावा. दुसरे घर घेण्याचा निर्णय मात्र पहिल्या घरात एक पूर्ण फेरी होईपर्यंत थांबवावा, म्हणजे एक भाडेकरू आला, राहिला, गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला, तोपर्यंत. त्यानंतर रिकामा काळ, दुरुस्ती आणि दलालीचे आकडे अंदाजाने धरावे लागत नाहीत; ते स्वतःच्या वहीतून पुढच्या घराच्या हिशेबात घालता येतात.